पिवळा की चांदीचा

माझा राग वाईट आहे, हे आमच्या लातूरकडच्या मुरुडमध्ये कुणालाही विचारा. वरातीत एखाद्याने तेच गाणं चौथ्यांदा वाजवायला लावलं तर मी सॅक्सोफोन गळ्यातून काढतो आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहतो. मग नवरदेवाच्या मामाने हात जोडल्याशिवाय हलत नाही. रागाच्या भरात मी आयुष्यात बरीच माणसं दुखावली आणि त्यातल्या बऱ्याच जणांची माफीही मागितली. पण ज्या दोन शब्दांनी माझं घर उघडं पडलं, ते मी रागात बोललो नव्हतो. अगदी सहज, मान खाली घालून, वाद्याची बटणं दाबून बघता बघता बोललो होतो.

मी मल्लिनाथ. माझे आजोबा आणि वडील गावातल्या महादेवाच्या देवळात सनई वाजवायचे. माझ्या वेळेला लग्नातली सनई टेपवर वाजायला लागली आणि बँडवाल्यांना फुंकणारी माणसं कमी पडत होती, म्हणून मी सॅक्सोफोन धरला. त्याच वर्षी लग्न झालं. रत्नम्मा उदगीरची. एकतीस वर्षं मी वाजवलं आणि एकतीस वर्षं तिने वाद्य सांभाळलं. पहाटे वरातीवरून आलो की मी सॅक्सोफोन बाजेवर टाकायचो आणि पडायचो. उठून बघावं तर तो स्वच्छ होऊन खुंटीला लागलेला. आतला ओलावा कधी पुसला, बटणांच्या खाचांतली गुलालाची धूळ कशाने काढली, हे मी कधी विचारलं नाही. देव्हाऱ्यातल्या विभूतीच्या वडीचा चुरा ती फडक्यात बांधून ठेवायची, आणि देवाची भांडी झाली की त्याच फडक्याने माझं पितळ घासायची, एवढं मात्र मला माहीत होतं.

चैत्रात तिच्या पोटात दुखायला लागलं. लातूरच्या डॉक्टरांनी नांदेडला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, तिला बाहेरच्या बाकड्यावर बसवलं आणि मला व मुलाला, मृत्युंजयला, आत बोलावलं. पित्ताशयाचा कॅन्सर होता आणि तो यकृतात गेला होता. ऑपरेशनचा उपयोग नव्हता. दुखू नये म्हणून गोळ्या देता येतील, दिवाळीपर्यंत वेळ आहे असं समजा, असं ते म्हणाले. वर हेही म्हणाले की, “बाईंना सांगितलेलं बरं.” तेव्हा मला डॉक्टरचा राग आला. तुमची आई असती तर सांगितलं असतं का, असं मी त्यांना तोंडावर विचारलं.

बाहेर येऊन आम्ही बापलेकांनी तिला सांगितलं, कावीळ आहे, जरा बिघडलेली.

पेशंटला सांगायचं नाही, हे आमच्याकडे कुणाला ठरवावं लागत नाही. ते ठरलेलंच असतं. सुनेला, सृष्टीला, त्याच दिवशी कळलं. मग भावकीला, मग मेडिकलवाल्याला. दूध घालणारी बाईसुद्धा रत्नम्माशी बोलताना आवाज मऊ करायला लागली. सगळ्या गावाने मिळून एक गोष्ट एका बाईपासून लपवायची, आणि लपवली म्हणून स्वतःला शहाणं समजायचं. त्यात मी सगळ्यात पुढे. कुणी तिच्यासमोर डोळ्याला पदर लावला तर मी त्याला बाहेर घेऊन जाऊन झापायचो.

श्रावणात तपासणीसाठी नांदेडला गेलो तेव्हा दुपारी बारालाच मोकळे झालो. दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता ती म्हणाली, “चला वजिराबादेत. तुमचं वाद्य घेऊन टाकू.”

माझा जुना सॅक्सोफोन आता वाद्य राहिला नव्हता. खालच्या सुरांत हवा गळायची, दोन बटणं मी रबराने बांधली होती. तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू होणार. तिने भिशीचे पैसे धरून ठेवले होते आणि गेली दोन वर्षं माझ्या मागे लागली होती. मी म्हणालो, “पुढच्या खेपेला घेऊ.”

“पुढच्या खेपेला तुमी आनखी पुढची खेप म्हनताल,” ती म्हणाली. रिक्षावाल्याला तिनेच हात केला.

वाद्यांचं दुकान किशनरावांचं. त्यांच्याकडून मी वर्षानुवर्षं सॅक्सोफोनच्या तोंडात बसणारी रीड घेत आलो, त्यामुळे माणूस ओळखीचा. आमच्या घरात काय चाललंय हे ज्यांना माहीत नव्हतं, अशा मोजक्या माणसांपैकी ते एक. त्यांनी रत्नम्माला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि काचेच्या टेबलावर तीन सॅक्सोफोन मांडले. एक पिवळ्या लॅकरचं पॉलिश दिलेला, एक चांदीचा मुलामा दिलेला आणि एक काळा.

“आतून तिन्ही एकच हायेत, मल्लिनाथराव,” ते म्हणाले. “कंपनी एक, माप एक. कातडीचाच फरक. कुणी म्हनतं चांदीचा सूर गोड, कुणी म्हनतं लॅकरचा उबदार.”

“सूर फुंकणाऱ्याच्या छातीत असतो,” मी म्हणालो.

“हाव, मग छाती दाखवा आन् वाद्य राहू द्या,” रत्नम्मा म्हणाली. किशनराव हसले. मीही हसलो. त्या दिवशी ती खरंच बऱ्यापैकी होती. अंगावर पोपटी साडी होती, तब्येत उतरली म्हणून पोलक्याला आतून टीप मारलेली, पण कपाळावर विभूतीचे पट्टे ठसठशीत. काळा सॅक्सोफोन तिने बघताक्षणी बाजूला केला. “ह्यो नगं. वरातीत ह्यो दिसायचाच न्हाई, नुसते तुमचे फुगलेले गाल दिसतील.”

मग तिने चांदीचा उचलला. मांडीवर घेतला, त्याच्या रुंद तोंडाच्या चकाकीत आपला चेहरा बघितला. तिने गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी पदराआडून काढली आणि त्याच्या शेजारी धरली. ती डबी ती रोज आंघोळ झाली की पुसायची, म्हणून आरशासारखी लखलखीत.

“बगा,” ती मला म्हणाली, “बराबर हाय का न्हाई? ह्यो घेऊ. पितळ लई वर्सं वाजवलं तुमी.”

किशनराव धंद्याचे पक्के, पण प्रामाणिक. ते म्हणाले, “काकू, घ्या, पण एक सांगतो. चांदीला काळं चढतं. वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं पुसावं लागतं आन् महिन्या-दोन महिन्यानं नीट घासावं लागतं. सोडून दिलं तर वर्साच्या आत तव्यावानी होतो. लॅकरचं तसं न्हाई. फडकं फिरवलं, झालं. घरात करणारं मानूस असंल तरच चांदी घ्यावी.”

मी तेव्हा खालच्या सुराचं बटण दाबून बघत होतो. बटणाखालचं पॅड नीट बसतंय का, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

“मग नको,” मी म्हणालो. “घासणार कोण?”

माझ्या बोटाखालचं बटण टप्पकन मिटलं. मी वर बघितलं. रत्नम्मा माझ्याकडेच बघत होती.

हे वाचणाऱ्याला कदाचित फार मोठं वाटणार नाही. पण एकतीस वर्षांत वाद्य कोण घासणार, हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारला नव्हता. भाकरी कोण करणार, हे तरी कुठं विचारतो आपण? रत्नम्मा जगणार असती तर ते शब्द माझ्या तोंडात आलेच नसते. मी म्हणालो असतो, घे बाई, तुझ्या डोक्याला ताप. माझ्या डोक्यात पुढचं वर्ष होतं आणि त्या वर्षात ती नव्हती. मी चार महिने गावाची तोंडं बंद करत हिंडलो आणि माझं स्वतःचं मोकळं ठेवलं.

“म्हणजे तुझी तब्येत नाजूक आहे म्हणून म्हटलं,” मी घाईघाईने म्हणालो. “कावीळ उतरली की काय, तू करशीलच. किशनराव, चांदीचाच बांधा.”

“पिवळा द्या,” रत्नम्मा म्हणाली.

“चांदीचाच. तुला आवडलाय ना?”

“पिवळा.”

“अगं, मी म्हणतोय ना, चांदीचा घेऊ! पैशाचा प्रश्न नाही!” माझा आवाज चढला. किशनराव एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. महाग वस्तूसाठी नवरा हट्ट करतोय आणि बायको नको म्हणतेय, असं भांडण माझ्या दुकानात पहिल्यांदा होतंय, असं काहीतरी ते हसत म्हणाले. आम्ही दोघंही हसलो नाही.

तिने चांदीचा सॅक्सोफोन अलगद टेबलावर ठेवला. तिच्या बोटांचे ठसे त्यावर उमटले होते, ते तिने पदराने पुसले. मग ती किशनरावांना म्हणाली, “ह्ये मानूस बाहेर वाजवायला हुशार. घरात ह्यांना चहाचा कप इसळता येत न्हाई. पिवळाच द्या. ह्यांचं ह्यांना जमलं पाहिजे.”

तिचा आवाज जराही हलला नाही. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला दुसरं काही सुचेना म्हणून मी पिवळा सॅक्सोफोन गळ्यात अडकवला, रीड ओली केली आणि फुंकलं. नुसती हवा गेली. पुन्हा फुंकलं. दहा हजार माणसांच्या वरातीत वाजवलेला मी, एका दुकानात मला एक सूर लागेना.

“चांगला हाय,” रत्नम्मा म्हणाली. “बांधा.”

लातूरच्या गाडीत तिला खिडकी मिळाली. पेटी मी दोन पायांमध्ये धरली. लोहा मागे पडेपर्यंत ती बाहेरची सोयाबीन बघत होती. मग माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, “कावीळ न्हाई ना?”

“न्हाई,” मी म्हणालो. मुरुडमध्ये मी शहाण्यासारखं ‘नाही’ म्हणतो, त्या वेळी ‘न्हाई’ आलं.

“मृत्युंजयला ठावं हाय?”

“हाय.”

“सृष्टीला?”

मी मान हलवली.

“म्हंजी मीच तेवढी ऱ्हायले व्हते,” ती म्हणाली. तिला त्यात थोडं हसू आल्यासारखं मला वाटलं. मग तिने विचारलं, “आन् अक्काला?”

“न्हाई. तिला नाही सांगितलं,” मी म्हणालो.

हे खोटं होतं. इतकं उघडं पडल्यावरही मी खोटं बोललो, कारण अक्काची गोष्ट माझ्या सगळ्या पापांमध्ये मोठी होती. अक्का म्हणजे रत्नम्माची थोरली बहीण, पार्वतीबाई. आईमागे तिनेच रत्नम्माला वाढवलं. तीन वर्षांपूर्वी अक्काच्या मुलीचं उदगीरला लग्न झालं आणि त्यांनी आमचा बँड न ठरवता बिदरचा डीजे बोलावला. मुलीची हौस होती, बाकी काही नाही. पण मी भर मांडवात तमाशा केला आणि रत्नम्माच्या हाताला धरून, पंगत मांडलेली असताना, तिला उपाशी घेऊन आलो. बहिणीच्या लेकीच्या लग्नात जेवली नाही, हे अक्काला लागलं. त्यानंतर बोलणं बंद. भांडण माझं आणि तुटल्या त्या दोघी.

चैत्रात कळल्यावर मृत्युंजयने मावशीला फोन केला. अक्का लगेच यायला निघाली होती. मीच तिला फोन करून अडवलं. म्हणालो, तीन वर्षांनी तुम्ही अचानक दारात उभ्या राहिलात तर तिला कळेल की आपलं काही खरं नाही. मला ते फार अकलेचं वाटलं होतं. तिकडे रत्नम्मा दोनदा म्हणाली, अक्काला फोन लावू का? मी म्हणालो, बरी झालीस की आपणच जाऊ. एकदा मी परसात गेलो तर ती भांडी घासता घासता एकटीच रडत होती. मी आजारी हाय हे कुनीतरी तिला सांगितलंच असंल, तरी तिनं विचारलं न्हाई, एवढंच म्हणाली. आणि मी तेव्हाही गप्प बसलो.

अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली. रत्नम्मा उठली, तिने पिशवी घेतली.

“कुठं?”

“उदगीरला. अक्काकडं. तुमाला यायचं असलं तर या, न्हाईतर मुरुडला जावा.”

“अगं, तिकीट लातूरचं आहे,” मी म्हणालो. माणूस घाबरला की काय वाटेल ते बोलतो. ती उतरलीसुद्धा. मी पेटी सांभाळत मागे उतरलो. उदगीरची गाडी तासाभराने मिळाली. त्या तासात आणि पुढच्या वाटेवर मला दहा वेळा वाटलं, आपणच सांगून टाकावं. एवढा मोठा भोंगा फुंकणारा मी, पण चार वाक्यांना दम पुरला नाही.

अक्काचं घर किल्ल्याच्या अंगाला आहे. दिवस कलला होता, ती दारात तांदूळ निवडत बसलेली. आम्हाला बघून ती उठली, सूप हातातून पडलं, तांदूळ उंबऱ्यावर पसरले. आणि तिने काय करावं? तीन वर्षांनी धाकटी बहीण समोर उभी आहे, तर तिने आधी माझ्याकडे बघितलं. जवळ घेऊ का, रडू का, अशी परवानगी मागितल्यासारखं बघितलं.

रत्नम्माने ते बघितलं. “अक्का,” ती म्हणाली, “ह्यांच्याकडं काय बगून ऱ्हाइलीस?”

अक्काचा बांध फुटला. “यव्वा, मला येऊ दिलं न्हाई गं,” ती म्हणाली. “चार म्हैने झाले. मी दिसले की तुला कळंल म्हनले. तुज्या जिवाचं बरं असंल म्हनून मी बसले गं दाताखाली जीभ धरून. रोज मृत्युंजयला इचारते, आज काय खाल्लं मह्या रत्नीनं.” पुढचं ती त्यांच्या माहेरच्या कन्नडमध्ये बोलायला लागली. त्यातलं मला काही कळलं नाही, पण बोट माझ्याकडे होतं.

मला वाटलं, आता रत्नम्मा मला फाडून खाणार. खाल्लं असतं तर बरं झालं असतं. ती पायरीवर बसली आणि पसरलेले तांदूळ हाताने गोळा करायला लागली.

“पोटातल्या दुखन्यानं मी एवढी रडले न्हाई,” ती म्हणाली, “जेवढी अक्कानं मला टाकलं म्हनून रडले. तुमी बगत व्हता.”

“तुला त्रास होऊ नये म्हणून...” मी सुरुवात केली.

“ऱ्हाऊ द्या.” तिने सूप अक्काकडे दिलं. “आता एक तरी खरं सांगा. डॉक्टर किती म्हनले?”

अक्काने माझ्याकडे बघितलं नाही. मी पेटी खाली ठेवली आणि सांगितलं, “दिवाळीपर्यंत.”

तिने अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवला. श्रावणाचे उरलेले दिवस मोजले, मग भादवा, मग अश्विन. तिचा चेहरा हळूहळू मोकळा झाला.

“मंग लई हायेत की,” ती म्हणाली. “अडीच म्हैने हायेत. आन् आदीचे चार तुमी नुसते घालवले.”

मी तिथेच रडलो, गल्लीतली माणसं बघत असताना. दोघींपैकी कुणी मला गप्प केलं नाही. अक्काने चहा केला, मलाही दिला. तो पिऊन झाल्यावर रत्नम्मा म्हणाली, “तुमी जावा आता, शेवटची गाडी जाईल. मी हितंच ऱ्हाते.”

“न्यायला कधी येऊ?”

“न्यायला नगं,” ती म्हणाली. “भेटायला या.”

ती दिवाळीपर्यंत राहिली नाही. एक्कावन्न दिवस जगली, सगळे उदगीरला. मी दर सोमवारी जायचो. ती माझ्याशी चांगलं वागली, जेवलात का विचारायची, सृष्टीला लोणच्याला ऊन दाखवायला सांगा म्हणायची. एकदा मला ओसरीवर वाजवायला लावलं आणि खालचा सूर आता नीट लागतोय म्हणाली. पण तेवढं झालं की ती अक्काकडे वळायची. दोघी एका बाजेवर, डोक्याला डोकं लावून, कन्नडमध्ये तासन् तास बोलायच्या. कधी हसायच्या, कधी एकमेकींचे डोळे पुसायच्या. लेकीच्या लग्नाचं बोलत असतील, आईचं बोलत असतील. मरणाचंही बोलत असतील. मी दाराशी बसलेला असायचो आणि त्या आवाज खाली आणत नव्हत्या. माझ्यापासून त्यांना काही लपवायचं नव्हतं. एकतीस वर्षांत जेवण, पाणी, ये, जा, एवढ्यापुढे मी तिची भाषा शिकलो नाही, म्हणून त्या एक्कावन्न दिवसांत ती काय बोलली ते मला माहीत नाही. अक्काला विचारलं तर ती सांगेलही. अजून विचारलेलं नाही.